खंडेनवमीचा पँझर

राजाभाऊ गुंजाळांना पगार मिळतो तो दुसऱ्यांच्या रंगातली खोट काढण्याचा. मी चेष्टा करत नाहीये, त्यांचा धंदाच तो आहे. दोह्याजवळ मेसईदला तेलाच्या अवाढव्य टाक्या आणि लांबच लांब पाइप आहेत. खाऱ्या, दमट हवेत त्यांना गंज चढू नये म्हणून रंगाचे थर देतात, आणि तो थर नीट बसलाय की नाही हे राजाभाऊ खिशात मावणाऱ्या एका यंत्रानं मोजतात. थर पातळ भरला, कुठे फुगा आला, ओघळ आला, की खडू निघतो आणि फुली पडते. फुली पडली की तेवढा पट्टा खरवडून पुन्हा पहिल्यापासून. साइटवरचे रंगारी त्यांना पाठीमागे 'क्रॉससाब' म्हणतात. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्या बाकावरच्या पोरासारखे खूश दिसत होते.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या व्हिलाचे मालकानं भाग पाडले आहेत. खाली गुंजाळ, वर आम्ही. मी इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. वर्षानुवर्षं लाल पेन चालवून माझी जीभही थोडी त्याच रंगाची झाली आहे, त्यामुळे राजाभाऊंशी माझं बरं जमतं. ते मला 'बाई' म्हणतात, म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांची बायको नीता एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे आणि आम्हा दोघांपेक्षा शहाणी आहे.

तर या फुलीवाल्या माणसाला एक छंद आहे आणि इथेच घोडं पेंड खातं. प्लॅस्टिकचे रणगाडे जोडायचे. खेळणी नव्हेत. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, त्यांना शेकडो बारीक भाग चिकटलेले असतात. ते एकेक कापून, घासून, चिमट्यानं धरून चिकटवायचे. रणगाड्याच्या साखळीचा एकेक दुवा वेगळा. तो जोडताना शिंक आली तर पुढचा अर्धा तास नवरा-बायको जमिनीवर रांगत असतात. मग रंग, मग रंगावर गंज, चिखल, धूळ. खरा रणगाडा लढाईतून आल्यावर जसा दिसेल तसाच हाताच्या पंजाएवढा दिसला पाहिजे. मुलगी ईश्वरी शिकायला पुण्याला गेली आणि तिची खोली या कारखान्याला मिळाली.

आणि एवढं करून राजाभाऊंनी आजवर एकही रणगाडा पुरा केला नव्हता. अगदी एकही नाही. जोडून होतो, रंगून होतो, मग हे भिंग डोळ्याला लावून बसतात आणि स्वतःच स्वतःला फुली मारतात. कुठल्यातरी कोपऱ्यात, जिथे मुंगीसुद्धा मुद्दाम वाट वाकडी करून जाणार नाही, तिथे रंग जाड बसलेला असतो. की लगेच थिनर, कापूस, सगळा रंग खाली. खरवडून खरवडून प्लॅस्टिक झिजतं आणि मग तो रणगाडा खोक्यात परत जातो. पलंगाखाली अशी खोकी आहेत. नीता त्यांना 'दवाखाना' म्हणते.

त्यांचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणायचे, नगरजवळ भिंगारला लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. म्हणजे रणगाडा या माणसाच्या लहानपणात आमच्याकडच्या एसटीइतका रोजचा. दादा म्हणायचे, "राजूचं काम म्हंजी बिनझाकणाचा डबा." भरतो, पण बंद करत नाही. ते वाक्य राजाभाऊंनी मला तीन-चारदा तरी सांगितलं असेल, दर वेळी हसत, आणि दर वेळी ते हसणं मला खोटं वाटलं.

दोह्यात असे छंदवाले बरेच आहेत. त्यांचा एक गट आहे, वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरतं. गटाचा कारभार बघतो तो रत्नागिरीचा आफताब परकार. तो स्वतः जहाजं बनवतो, कोकणी माणूस दुसरं काय बनवणार. राजाभाऊ दर वर्षी त्याच्याकडे नाव देतात आणि दर वर्षी आठवडा राहिला की काढून घेतात. या वर्षी आफताब घरीच आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "राजाभाऊ, या वेळी टेबल अडवून पुन्हा नाय आणलंत, तर पुढल्या वर्षी तुमचं नाव मी पेन्सिलीनंसुद्धा लिवणार नाय. इन्शाल्ला आणीन म्हणू नका. आणतो म्हणा."

"आणतो," राजाभाऊ म्हणाले. नीतानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

या वेळचा रणगाडा होता पँझर टू. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सैन्याचा हलका रणगाडा. आता नववीच्या वर्गाला नाझी जर्मनी मी शिकवते. त्या गाड्या कुठे कुठे घुसल्या आणि त्यांच्या मागून काय काय आलं, हे दर वर्षी पोरांना सांगताना माझा घसा कोरडा पडतो. मी खोकं बघितलं आणि स्पष्ट म्हटलं, "राजाभाऊ, जगातले सगळे रणगाडे संपले होते का?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हा बिचारा तात्पुरता होता. मोठे रणगाडे तयार होईपर्यंत चालवून घ्यायला बनवलेला. मोठे वेळेत आले नाहीत, मग यालाच पुढे धाडला. पोलंड, फ्रान्स, शेवटी आफ्रिकेच्या वाळूत." मग जरा थांबून म्हणाले, "मी पण इथे दोन वर्षांसाठीच आलो होतो."

वीस वर्षं उलटून गेली त्यांना. मी 'बिचारा' या शब्दावर आक्षेप नोंदवला आणि चहा प्यायले. वाईट माणसांच्या यंत्राची कीव करायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोरांनी वर्गात विचारलं तर मी सरळ धडा पुढे नेते.

मग जून आला. एका सोमवारी संध्याकाळी इथल्या अमेरिकी तळावर सोडलेली क्षेपणास्त्रं आकाशात आली, ती वरच्या वर फोडली गेली. आम्ही सगळे अंगणात उभे राहून वर बघत होतो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. शेजारची पोरं रडायला लागली आणि माझे पाय थंडगार पडले, भर जूनमध्ये. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले ते तावातावानंच. म्हटलं, "आता तरी तो टँक आवरा. काल बघितलंत ना खरं युद्ध कसं असतं ते?"

राजाभाऊ मान खाली घालून म्हणाले, "बाई, काल मी इतका घाबरलो होतो की हात थांबत नव्हते. मग आत जाऊन साखळीचे दुवे जोडत बसलो. एक जोडला की दुसरा. तेव्हा कुठे हात माझे झाले." माझा ताव उतरला. त्यांनी मला ती साखळी दाखवली. एकही दुवा वाकडा नव्हता.

उन्हाळाभर ते त्या रणगाड्यावर बसले. आफ्रिकेतल्या वाळूचा पिवळट रंग दिला. त्यावर बसवायला धुळीची पूड त्यांनी परदेशातून मागवली, तेव्हा मात्र मी हसून लोळले. दोह्यात राहून धूळ विकत! काखेत कळसा नि गावाला वळसा तो हाच. शेवटी नीतानं एसीच्या फिल्टरची धूळ मलमलच्या कापडातून गाळून एका वाटीत दिली, म्हणाली, "घ्या, फुकट आणि ताजी." आणि खरंच ती धूळ त्या रणगाड्यावर अशी बसली की मलासुद्धा घशात खवखवल्यासारखं झालं.

सप्टेंबरात राजाभाऊंची आई आली, व्हिजिट व्हिसावर. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

दादा गेले ते करोनात. विमानं बंद होती. राजाभाऊंनी वडिलांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं, ईश्वरीच्या खोलीत बसून. त्या दिवशी फोनवर त्यांनी आणखी काय बघितलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

गुंजाळकाकू म्हणजे बोलायला खणखणीत, चालायला माझ्यापेक्षा जलद. आल्या दिवशी त्यांनी टेबलावरचा पँझर बघितला आणि ओळखीचं माणूस भेटावं तशा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "राजू, केवढासा केलाय रं! तुह्या दादांनी बघायला पाह्यजे होता." मी माझं कर्तव्य म्हणून सांगितलं, काकू, हा आपला नाही, जर्मनांचा, फार वाईट लोकांचा. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "मंग आता राजूचा हाय ना?" विषय संपला. माझ्या सगळ्या नववीच्या धड्याला हे उत्तर कुणी दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून राजाभाऊ बदलले. प्रदर्शन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होतं. "आई इथं आहे, या वेळी पुरा करणार," हे ते आता मला, नीताला, आफताबला आणि बहुतेक मेसईदच्या टाक्यांनाही सांगत होते. आईनं एकदा तरी आपल्या हातची पुरी झालेली गोष्ट, आपल्या नावाची चिठ्ठी लावून, चार लोकांच्या टेबलावर बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. दादांना ते दाखवायचं राहून गेलं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं एवढीशी गोष्ट इतकी मनाला लावून घ्यावी याचं मला हसू यायचं, आणि हसू आल्याची लाजही वाटायची.

नवरात्रात इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. नीता आणि मी काकूंना घेऊन गेलो. बायका ओळीनं बसल्या. मृदुलाताई, मंडळाच्या कार्याध्यक्षा, करंडा घेऊन निघाल्या. एकेकीला हळद, कुंकू, हातावर अत्तर. काकूंपाशी आल्या आणि त्यांचा हात हवेत थांबला. मग गोड हसून म्हणाल्या, "काकू, तुम्हाला प्रसाद देते हं." वाईट नाहीत त्या. कुणाचं दुखणं निघालं तर पहिला डबा त्यांचाच जातो. पण तो हात थांबला तो थांबलाच. आणि माझं डोकं फिरलं ते त्यानंतर, कारण काकू आधीच उठल्या होत्या. कुणी उठवायच्या आत आपणच उठायचं हे त्यांना चांगलं सवयीचं झालेलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन डिशमध्ये खिरापत भरत बसल्या. मी मागे गेले तर म्हणतात, "आसू दे गं. दादा गेल्यापास्नं मी करंड्याला हात लावत न्हाई. घरात सुना हायेत की."

परतताना गाडीत नीतानं स्टीअरिंग असं धरलं होतं की मला त्या गाडीचीच कीव आली.

खंडेनवमी बुधवारी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. इथे हत्यारं म्हणजे ज्यावर पोट भरतं ते. नीतानं सकाळीच पाटावर लाल कापड घालून सगळं मांडलं: राजाभाऊंचं जादा हेल्मेट, रंगाची जाडी मोजायचं जुनं यंत्र, लॅपटॉप, गाडीची दुसरी किल्ली, विळी, शिवणयंत्राची चावी. मी वरून झेंडू घेऊन गेले. किराणावाल्याकडे विमानानं आलेला झेंडू, चार फुलांत जीव जाईल असा भाव, पण खंडेनवमीला झेंडू नको तर कधी?

नीता पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. "आई, माझी दुपारची ड्यूटी आहे. पूजा तुम्ही करा."

काकू हसल्या. "मी? तू आल्यावर कर की."

"मला यायला उशीर होईल. मुहूर्त काय माझ्यासाठी थांबणार आहे? हळद-कुंकू तुम्हीच वाहा." आणि गेली. तिची खरंच ड्यूटी होती की तिनं ती मागून घेतली होती, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

काकू बराच वेळ करंड्याकडे बघत बसल्या. मला वाटलं आता मला म्हणतील, तू कर. मी मुद्दाम फुलांच्या देठांशी खेळत बसले. मग त्यांनी पदर खोचला, हात धुतले आणि करंडा उघडला. पहिलं बोट हेल्मेटला लावताना ते कापत होतं. यंत्रापर्यंत ते स्थिर झालं. विळीला लावताना त्या गुणगुणत होत्या. मला एकदम भरून आलं, म्हणून मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून वर पळाले. वह्या खरंच होत्या.

संध्याकाळी उशिरा नीताचा फोन आला. "आसावरी, खाली ये. आत्ता."

काय झालं होतं ते सांगते. मी गेल्यावर काकू पूजा आटोपून ईश्वरीच्या खोलीत गेल्या. टेबलावर पँझर तयार उभा होता. आदल्या दिवशी राजाभाऊंनी त्याच्यावर धुळीचा शेवटचा हात फिरवला होता. भिंग लावून बघितलं होतं, आणि कधी नव्हे ते फुली मारली नव्हती. भिंगारला दर नवमीला वर्कशॉपमधल्या गाड्या धुऊन उभ्या करायचे, घरच्यांना बोलवायचे, आणि पहिलं कुंकू रणगाड्याला लागायचं. रणगाडा समोर आहे, नवमी आहे, करंडा हातात आहे. नगरच्या त्या बाईनं दुसरं काय करायचं होतं? लोखंडाला कोरडं कुंकू धरत नाही, म्हणून तिथे ते तेलात कालवतात. काकूंनी खोबरेल तेलात हळद आणि कुंकू कालवलं आणि पँझरच्या कपाळाला, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, वरच्या घुमटावर आणि तोफेच्या तोंडाशी ठसठशीत बोटं उमटवली. वर अक्षता, वर झेंडूची पाकळी.

पण ते लोखंड नव्हतं. कोरड्या, धुळकट रंगात तेल शाईसारखं पसरलं.

मी खाली गेले तेव्हा राजाभाऊ टेबलाशी बसले होते. अंगावर साइटचे कपडे तसेच, डोळ्यांना भिंग. समोर थिनरची उघडी बाटली, हातात कापूस गुंडाळलेली काडी. घरभर थिनरचा वास. तोफेवरचं बोट त्यांनी पुसलं होतं आणि तिथे गुलाबी फराटा उठला होता. खालचा वाळूचा रंगही निघाला होता. त्यांनी ते बघितलं आणि सवयीनं, अगदी स्वतःशीच, म्हणाले, "रिजेक्ट."

काकू दारात उभ्या होत्या. तेवढा इंग्रजी शब्द त्यांना कळत होता. मुलाच्या कामाचा शब्द तो.

"पूस बाबा, पूस," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान की मला ती बाईच ओळखू येईना. "मपलंच चुकलं. सवाष्णीच्या हातचं आसतं तर आसं झालं नसतं. मी करंड्याला हातच लावायला नको व्हता."

नीतानं माझं मनगट धरलं. तिची नखं मला टोचली. मला वाटलं आता मीच काहीतरी बोलणार, आणि बोलले असते तर ते फार वाईट बोलले असते. पण राजाभाऊंनी काडी खाली ठेवली.

त्यांनी भिंग काढलं. डोळे लाल झाले होते, ते थिनरनं झाले असं ते पुढे म्हणाले.

"आई," ते म्हणाले, "दादा गेले त्या दिवशी मी फोनवर होतो."

"व्हता की."

"त्यांना नेल्यावर कुणी फोन बंद केला नाही. तो तसाच कट्ट्यावर राहिला. गल्लीतल्या बायका आल्या, तुझ्या बांगड्या काढल्या. एकीनं पदरानं तुझं कुंकू पुसलं. मी इथून ओरडत होतो, थांबा, नका करू. तिकडे आवाजच जात नव्हता." त्यांनी टेबलाकडे बघितलं. "पाच वर्षं मी त्या बाईला शिव्या घालतोय. आणि आज मीच पुसायला बसलो."

नीतानं माझं मनगट सोडलं.

"करंडा आण," राजाभाऊ म्हणाले. "पुसलं तिथं परत लाव."

काकूंना ते पटेना. "आरं पण परवा लोकांना दाखवायचाय ना? कवापास्नं जीव टाकतोयस त्याच्यासाठी. पुरा झालाय म्हनला व्हतास."

"झाला होता. दाखवायचाय म्हणूनच लाव."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मग नीताकडे. नीतानं देवापुढचा करंडा आणून त्यांच्या हातात दिला. त्या पुढे झाल्या, बोट कुंकवात बुडवलं, आणि थबकून विचारलं, "तेल घेऊ का नको?"

"तेल नको," क्रॉससाब म्हणाले. "थेंबभर पाणी घे. तेलावर पुढं धूळ चिकटते."

रडता रडता हसू येणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. काकूंनी पाण्यात बोट भिजवलं, कुंकू घेतलं आणि त्या गुलाबी फराट्यावर टेकवलं. ठिपका थोडा तिरका बसला. राजाभाऊंचा हात भिंगाकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी थिनरच्या बाटलीला झाकण लावलं.

शुक्रवारी अल गराफाच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. लांब टेबलांवर विमानं, जहाजं, तोफा आणि रांगेनं रणगाडे. एकेकाचं काम असं की माणसानं श्वास रोखून बघावं. आफताबनं राजाभाऊंच्या हातात खोकं बघितलं तेव्हा त्यानं चक्क कपाळाला हात लावला. "आणलंत! खरंच आणलंत! आता माझं जहाज बुडलं तरी चालेल." मग त्यानं खोक्यात डोकावून बघितलं आणि टेबलाच्या मधोमध जागा करून दिली.

परीक्षक दोन होते. एक पिकल्या मिशांचा इंग्रज, एक कतरी तरुण, शुभ्र पायघोळ थोबमध्ये. दोघांनी पँझरभोवती बराच वेळ घालवला. इंग्रजानं विचारलं, हे लाल-पिवळं चिन्ह कुठल्या तुकडीचं? आफ्रिकेच्या मोहिमेत असं चिन्ह असल्याचं त्याच्या वाचनात नव्हतं. राजाभाऊ म्हणाले, तुकडीचं नाही, घरचं आहे. आमच्यात वर्षातून एकदा हत्याराची पूजा करतात, ही ती खूण. कतरी मुलगा वाकून बघत म्हणाला, धूळ मात्र इथलीच दिसते. राजाभाऊ एकदम खुलले. तेवढं एक कौतुक त्यांना त्या दिवसाला पुरलं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. रंग एकसारखा नाही, असा शेरा होता. मी असते तर मीही तोच दिला असता, आणि राजाभाऊंनी तर नक्कीच.

पण मी त्यांच्याकडे बघत होते. ते आपल्या टेबलामागे उभे होते. पुढ्यात पुरी झालेली वस्तू, तिच्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी. लोक येत होते, बघत होते, काही हसत होते, काही फोटो काढत होते. त्यांचा हात एकदाही रणगाड्याकडे गेला नाही.

दुपारनंतर मंडळातली मंडळी आली, आफताबनं सगळ्यांना बोलावलं होतं. मृदुलाताई पुढे. त्या टेबलापाशी आल्या, रणगाड्याकडे बघितलं आणि टाळी वाजवून ओरडल्या, "अय्या, याला तर कुंकू लावलंय! किती गोड! नीता, तू लावलंस ना?"

नीतानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही गप्प राहिले, जे मला सहसा जमत नाही. काकू टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. हॉलमध्ये एसी जोरात होता म्हणून त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. त्यांनी तो सोडला आणि एक पाऊल पुढे आल्या.

"तिनं न्हाई," काकू म्हणाल्या. "मी लावलंय."